ड्रायव्हर तुमचा असेल, केबल आमची आहे

प्रति,
यूएसबी-सिरियल चिप बनवणाऱ्या सर्व कंपन्या,
आणि विंडोज अपडेटमधून त्यांचे ड्रायव्हर घरोघरी पोहोचवणारी मायक्रोसॉफ्ट

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे, दूध संकलन केंद्रांवरची फॅट मशीनं आणि साखर कारखान्यांचे गाडीकाटे दुरुस्त करतो. या कामात मला सतरा वर्षं झाली. काट्याचा लोडसेल (वजन मोजणारा भाग) असो की फॅट मशीनचा पंप, सगळं उघडून पाहता येतं, बिघाड सापडतो आणि दुरुस्त होतो. पण माझ्या पिशवीत एक वस्तू अशी आहे की तिच्यात काही बिघाड नसतानाही ती सकाळी बंद पडू शकते. कारण ती चालू ठेवायची की नाही, हे रात्रीतून दुसराच कोणीतरी ठरवतो. ती वस्तू म्हणजे यूएसबी टू सिरियल केबल. तिच्याबद्दलच हे पत्र आहे.

तुमच्या ऑफिसांमध्ये सिरियल पोर्ट ही जुनी गोष्ट झाली असेल. आमच्याकडे ती रोजची आहे. काटा बोलतो तो नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टातून. फॅट मशीन, पावतीचा प्रिंटर, बाहेरचा मोठा डिस्प्ले, सगळ्यांचं तेच. आजच्या कॉम्प्युटरला मात्र तो पोर्ट नसतो. त्यामुळे मध्ये ही केबल लागतेच. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन स्क्रूंचा नऊ पिनांचा कनेक्टर आणि आत नखाएवढी एक चिप. सगळा व्यवहार त्या चिपवर चालतो, आणि तिच्याशी बोलायला कॉम्प्युटरमध्ये तिच्या कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तोच ड्रायव्हर. काटा हजारोंचा, फॅट मशीन त्याहून महाग, आणि त्यांना कॉम्प्युटरशी बोलतं करणारी केबल तीनशे-साडेतीनशे रुपयांची.

काही वर्षांपूर्वीची एक सकाळ सांगतो. पहाटे पावणेसहाला वाळवा तालुक्यातल्या एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "दादा, काटा कॉम्प्युटरवर येईना. काल संध्याकाळी झ्याक चालला होता." मी पोहोचलो तेव्हा दारात किटल्या घेऊन तीस-चाळीस माणसं उभी होती. काट्यावर वजन दिसत होतं, फॅट मशीनवर आकडे दिसत होते, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्ही रकाने कोरे. कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडला, तर पोर्टाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि खाली 'कोड १०'. हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, एवढंच. रात्री कॉम्प्युटर अपडेट होऊन पुन्हा सुरू झाला होता आणि त्यात त्या केबलचा ड्रायव्हर बदलला होता. चिप कोणत्या कंपनीच्या नावाची होती, ते इथे लिहीत नाही. माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही.

दूध थांबत नाही. साडेसातला शीतकरण केंद्राची गाडी येते. ती गेली की राहिलेलं दूध नासतं. सचिवांनी वही काढली, एक पोरगा मशीनवरचे आकडे मोठ्याने वाचू लागला आणि दुसरा लिहू लागला. मी तोवर जुना ड्रायव्हर परत बसवायच्या मागे लागलो. नऊच्या सुमाराला केबल चालू झाली, पण तोवर सगळं वहीत उतरलं होतं. दहा दिवसांनी दूधबिल निघालं तेव्हा एका आक्कांनी हिशेब धरून दाखवला. त्यांच्या गाईच्या दुधाला ४.१ फॅट लागलं होतं, वहीत ३.१ पडलं होतं. आमच्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो. त्याखाली गेलं की दर कापला जातो. आक्कांचे पैसे संस्थेने भरून दिले. पण तेव्हा ती बाई मला म्हणाली, "मशीन खोटं बोलत न्हाई म्हणून आम्ही दूध घालतो, आणि तुम्ही हातानं लिवलं." मला तिथे काही उत्तर देता आलं नाही. ते तुमच्याकडे मागतो आहे.

आता सार्वजनिक नोंदीतली गोष्ट. तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ती माहीत आहे, पण केबल वापरणाऱ्यांना नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आरएल ही चिप जगभर इतकी चालली की तिच्या नकला निघाल्या. काही नकली चिपांचं आवरण उतरवून आतलं सिलिकॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं, तर आत मुळात वेगळाच मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम घालून चालवायची छोटी चिप) होता. त्याला एफटीडीआयच्या चिपसारखं वागायला शिकवलं होतं आणि वर एफटीडीआयचं नाव छापलं होतं. ही सरळ चोरी आहे आणि तिचा मला राग येतो, कारण त्या चोरीची पहिली शिकार माझ्यासारखा गिऱ्हाईकच असतो.

कंपनीने त्यावर जे केलं ते असं. ड्रायव्हरची २.१२.०० ही आवृत्ती काढली आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ती विंडोज अपडेटमधून आपोआप कॉम्प्युटरांवर उतरू लागली. प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या मेमरीत त्याची ओळख लिहिलेली असते, एक क्रमांक कंपनीचा आणि एक उत्पादनाचा. या चिपच्या बाबतीत ०४०३ आणि ६००१. नव्या ड्रायव्हरने नकली चिपच्या मेमरीतला तो ६००१ खोडून तिथे ०००० लिहिला. ओळखच गेल्यावर विंडोज तिला ओळखेना, मॅक ओळखेना, लिनक्सही ओळखेना. एका कॉम्प्युटरवर हे झालं की केबल दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावली तरी मुकीच.

हे कसं साधलं तेही सांगतो, कारण यात चुकून घडलेलं काहीच नव्हतं. अस्सल चिपच्या मेमरीत १६ बिटांचे दोन शब्द (माहितीचे तुकडे) जोडीने आल्याशिवाय लिहिलं जात नाही. सम पत्त्यावर, म्हणजे मेमरीतल्या सम क्रमांकाच्या जागेवर, आलेला शब्द ती नुसता धरून ठेवते, विषम पत्त्यावरचा आला की मग दोन्ही एकदम लिहिते. नकली चिप मात्र हातात येईल तो शब्द लगेच लिहून टाकते. ड्रायव्हरने सगळ्यांनाच अर्धवट आदेश दिला, फक्त सम पत्त्यांवर. अस्सल चिपने तो सोडून दिला आणि नकली चिपने इमानेइतबारे पाळला. शून्य लिहिल्यावर मेमरीचा चेकसम (माहिती बरोबर आहे ना हे पडताळणारी बेरीज) जुळणार नाही, म्हणून आणखी एका सम पत्त्यावर तो जुळवून घेणारा आकडाही लिहिला. असला कोड एखाद्या हुशार माणसाने विचार करूनच लिहिलेला असतो.

बोंब उठली तेव्हा काही दिवसांतच कंपनीने ती आवृत्ती विंडोज अपडेटमधून काढून घेतली. पण ड्रायव्हरच्या परवान्यात, अस्सल नसलेल्या भागावर हा वापरलात तर तो भाग कायमचा निकामी होऊ शकतो, असं वाक्य आधीच घातलेलं होतं. रात्री दोन वाजता आपोआप उतरणाऱ्या ड्रायव्हरचा परवाना कोण वाचणार होतं?

पुढे २०१६ मध्ये नवा प्रकार आला. ओळख पुसायची नाही, पण नकली चिप दिसली की सिरियलच्या डेटामध्ये 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हे वाक्य सोडायचं. ऐकायला हे आधीपेक्षा सौम्य वाटतं. माझ्या दृष्टीने ते अधिक धोक्याचं आहे. काट्याकडून येणारी ओळ ठरावीक अक्षरांची असते. अमुक जागेवर चिन्ह, अमुक जागेवर किलो, अमुक जागेवर ग्रॅम. सॉफ्टवेअर जागा मोजून आकडा उचलतं. त्या प्रवाहात तुम्ही तुमचं वाक्य घातलंत तर काय होईल हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. आणि या केबली फक्त दुधाच्या काट्यावर नसतात. त्या सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरच्या आदेशावर धातू कापणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवतात, पीएलसीला (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकाला) जोडलेल्या असतात. चालत्या यंत्राच्या बोलण्यात तिसऱ्याने तोंड घालायचं नसतं.

तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही तर नकलांसाठी तितकीच प्रसिद्ध चिप. तिथे ओळख पुसली गेली नाही. नकली दिसली की ड्रायव्हर सुरू व्हायला नकार द्यायचा. पण पुढे त्या नकारात अस्सल चिपाही सापडल्या. एचएक्सए ही आवृत्ती २०१२ मध्ये बंद केली आणि विंडोज ८ पासून तिला आधार नाही असं ठरवलं. उपकरणाच्या नावाच्या जागी 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज काँटॅक्ट युवर सप्लायर' अशी ओळ दिसू लागली. विंडोज ११ आल्यावर टीए या आवृत्तीचंही तेच. म्हणजे ज्याने खरे पैसे देऊन खरी चिप घेतली, त्यालाही पुरवठादाराकडे जा म्हणून सांगितलं. आठ-दहा वर्षांपूर्वी केबल विकलेला पुरवठादार आज कुठे शोधायचा?

हे सगळं आज पुन्हा लिहायचं कारण असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, संपला. माझ्या भागातल्या संस्था एकेक करून नवे कॉम्प्युटर घेत आहेत. नवा कॉम्प्युटर, जुना काटा, जुनी केबल आणि पुन्हा तोच पिवळा त्रिकोण. मी महिन्यातून चार-पाच वेळा तरी हे पाहतो. दर वेळी संस्थेच्या अध्यक्षांना समजावून सांगावं लागतं की काटा चांगला आहे, केबल तुटलेली नाही, तुमचा कॉम्प्युटरही नवा आहे, तरीही वजन दिसणार नाही. लोकांना वाटतं मीच काहीतरी लपवतो आहे.

माझी तुमच्याकडची पहिली तक्रार हीच आहे की तुम्ही दंड चुकीच्या माणसाला केलात. नकली चिप बनवणाऱ्याचे पैसे त्याला केव्हाच मिळालेले असतात. त्याच्याकडून घेऊन केबल जोडणाऱ्याचे मिळालेले असतात, आयात करणाऱ्याचे आणि दुकानदाराचेही. साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात केबल येते ती साच्यात घट्ट ओतलेल्या प्लॅस्टिकमध्ये. बिलावर लिहिलेलं असतं, 'यूएसबी टू सिरियल केबल, १ नग'. आत कोणाची चिप आहे हे पाहायचं तर ती केबल फोडावी लागते, आणि फोडली की ती परत घेत नाहीत. मी फोडून पाहिल्या आहेत. अस्सल एफटी२३२आरएलवरची अक्षरं लेसरने कोरलेली असतात, अनेक नकलांवर नुसती छापलेली. भिंग लावलं आणि चिप तिरकी धरली तर कळतं. हे दूध संस्थेच्या सचिवाने करायचं का?

नकली माल अडवायचा असेल तर आमच्या देशात त्यासाठी कायदा आहे. १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा आहे. आयात मालासाठी २००७ चे बौद्धिक संपदा अंमलबजावणी नियम आहेत. त्यानुसार हक्कधारकाने कस्टम्सकडे आपल्या नावाची नोंदणी केली की संशयित माल बंदरावरच अडवता येतो. हा रस्ता लांबचा आणि खर्चाचा असेल, मान्य. पण तो तुम्ही चालायचा आहे. आमच्या केबलच्या मेमरीतून आडवाट काढायची नाही.

दुसरी तक्रार मालकीची. ड्रायव्हर तुमचा आहे. तो कोणासाठी चालवायचा आणि कोणासाठी नाही हे ठरवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण केबल माझ्या पैशांची आहे. तिच्यातली चिप नकली असली तरी ती तुमची होत नाही. तुम्ही दार लावून घेऊ शकता, माझ्या घरात येऊन माझी वस्तू बिघडवू शकत नाही. मी वकील नाही, पण आमच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मला वाचता येतं. मालकाच्या परवानगीशिवाय संगणक साधनातली माहिती पुसणं, बदलणं किंवा त्याची उपयोगिता कमी करणं, हे तिथे नुकसानभरपाईच्या यादीत आहे.

आणि मायक्रोसॉफ्टला वेगळं सांगायचं आहे. अपडेट चालू ठेवा, नाहीतर व्हायरस येईल, असं मी स्वतः प्रत्येक संस्थेत सांगत आलो. तुमच्या नावावर विश्वास ठेवून सांगितलं. केबलचं प्रकरण घडल्यापासून सचिव मला म्हणतात, "दादा, अपडेट बंदच करून टाका." आणि काही ठिकाणी मला ते करावं लागलं. त्या कॉम्प्युटरांवर आता सुरक्षेचे अपडेटही येत नाहीत, आणि त्यांच्यावर शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे तपशील आहेत.

ज्यांच्या केबलची ओळख शून्य झाली त्यांच्यासाठी एवढंच लिहून ठेवतो की ती बहुतेक वेळा परत आणता येते. २०१४ मध्येच लोकांनी रस्ता शोधला. लिनक्सच्या एफटीडीआय ड्रायव्हरला ०४०३ आणि ०००० ही जोडीही तुझीच आहे असं सांगता येतं, आणि पुढे कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) ती सोय घातली गेली. मग चिपची मेमरी लिहिणारा एखादा लहान प्रोग्रॅम वापरून ०००० च्या जागी ६००१ परत लिहायचा. विंडोजवर करायचं तर आधी इंटरनेट तोडायचं, नवा ड्रायव्हर पूर्ण काढायचा, २०१४ च्या आधीचा ड्रायव्हर त्याच्या आयएनएफ फाइलमध्ये (तो कोणत्या उपकरणांसाठी आहे हे सांगणारी फाइल) शून्य क्रमांक घालून बसवायचा आणि एफटीडीआयच्याच एफटी-प्रॉग या प्रोग्रॅमने ओळख परत लिहायची. यानंतर ती केबल नव्या ड्रायव्हरपासून लांब ठेवावी लागते, हे विसरू नका. आणि खरं सांगायचं तर असली केबल परत काट्याला लावू नका, ती घरच्या प्रयोगांना ठेवा. हे सगळं उत्साही लोकांनी आपल्या वेळात शोधून फुकट सांगितलं. ज्यांनी ओळख पुसली त्यांनी ती परत लिहिणारं साधं बटण दिलं असतं तर ते शोभलं असतं.

मी आता साचा न ओतलेल्या, उघडून पाहता येणाऱ्या केबली नोंदणीकृत विक्रेत्याकडून जास्त पैसे देऊन घेतो, आणि प्रत्येकीवर तारखेची पट्टी चिकटवतो. तरीही पुढच्या अपडेटला ती चालेल असं मी गिऱ्हाइकाला लिहून देऊ शकत नाही. म्हणून माझ्या मागण्या:

तुमच्या ड्रायव्हरने वापरणाऱ्याने स्वतः बटण दाबल्याशिवाय कोणत्याही उपकरणाच्या ओळखीच्या मेमरीत एक बिटही लिहू नये, चिप अस्सल असो वा नकली. हे परवान्याच्या आडून नको, जाहीर लिहून द्या.

डेटाच्या प्रवाहात स्वतःचा शब्द कधीही घालू नये.

नकार द्यायचा असेल तर तो पडद्यावर, समजेल अशा वाक्यात द्या. 'कोड १०' नको. विंडोज मराठीत मिळतं, मग हे एक वाक्यही मराठीत मिळू शकतं: "या केबलमधली चिप आमची नाही, म्हणून आमचा ड्रायव्हर तिला चालवणार नाही. केबलमध्ये कोणताही बदल केलेला नाही."

अस्सल चिपांच्या जुन्या आवृत्त्यांना नव्या विंडोजमध्ये आधार काढायचा असेल तर किमान दोन वर्षं आधी जाहीर करा. ते जमत नसेल तर जुन्या चिपा चालवण्यापुरती माहिती खुली करा, बाकीचं लोक करतील.

भारतातल्या खात्रीच्या विक्रेत्यांची शहरवार यादी द्या, आणि केबल दुकानातच लावून अस्सल-नकली सांगणारा, काही न लिहिणारा, फक्त वाचणारा एक तपासणी प्रोग्रॅम द्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उभं राहून, पैसे देण्याआधी मला तो चालवता आला पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने चालू असलेल्या सिरियल पोर्टाचा ड्रायव्हर माणसाला विचारल्याशिवाय बदलू नये. सुरक्षेचे अपडेट घ्यायचे पण ड्रायव्हर राहू द्यायचे, हा पर्याय सेटिंगच्या पहिल्या पानावर दिसेल असा ठेवा. आज तो शोधायला माझ्यासारख्याला वेळ लागतो, सचिवाला तो सापडतच नाही.

उत्तर मला एकट्याला पाठवू नका. तुमच्या ड्रायव्हर डाउनलोडच्या पानावर जाहीर द्या, म्हणजे मला त्याची प्रत काढून संकलन केंद्राच्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी लावता येईल. तिथे आक्का रोज सकाळी सहाला येतात.

आपला,
वजनकाटे आणि दूध संकलन यंत्रं दुरुस्त करणारा एक तंत्रज्ञ,
जि. सांगली